तीन आठवड्यांचे निकाल

कडावचा कमळाकर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करायचा. माणसाच्या पांढऱ्या पेशी मेंढीच्या रक्तात मिसळायच्या. माणूस निरोगी असला, की बऱ्याचशा पेशी बारीक बोटं काढून मेंढीच्या तांबड्या पेशी धरून ठेवताना दिसायच्या. धरल्या नाहीत, तर रोगाशी झुंजायची ताकद कमी.

१९७८च्या जानेवारीत तुलनेसाठी त्यानं स्वतःचं रक्त दिलं. तांबड्या पेशी लांबच राहिल्या. नमुन्याचा दुसरा पातळ काप लावला, तिसरा लावला. तेच.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. शनिवारी घरी आला, पण घास उतरेना. बसला की उठायचा, काखेत गाठ आहे का चाचपायचा. बायको गोदानं दोनदा विचारलं, त्यानं कामाचं निमित्त काढलं. शेवटी ती म्हणाली, "पोरीला जवळ घेत नाय तुमी. काय झालंय?"

त्यानं सांगितलं. गोदा म्हणाली, "बाकीच्यांचं कसं आलं?"

त्यानं आठवून पाहिलं. तीन आठवड्यांत पाच रुग्ण, पाचही जणांच्या पेशी कमी. मग त्याला सगळ्यांसाठी वापरलेल्या मेंढीच्या रक्ताचाच संशय आला.

मंगळवारी बर्फाचा थर्मास घेऊन तो खालापूरला गेला. तिथं देशावरच्या धनगरांची मेंढरं बसली होती. चिमा धनगरीण मेंढीचं रक्त काढू द्यायला आधी तयार होईना. त्यानं आपली भीती बोलून दाखवली, तेव्हा तिनं मेंढी धरली.

ताज्या रक्तात त्याच्या पेशी छान चिकटल्या. पण त्या पाच जणांच्या निकालांमुळे त्याच्या जिवाला स्वस्थता लाभेना. जुन्या आणि ताज्या रक्ताची दोन्ही छायाचित्रं घेऊन तो प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंकडे गेला. इतके दिवस लपवल्याबद्दल त्या रागावल्या. मग म्हणाल्या, "पाचही जणांना परत बोलवा."

चौघं आले. तिघांच्या पेशी ठीक निघाल्या, एकाच्या खरोखरच कमी होत्या. पाचवी पोशीरची मंगळी. तिच्या घरी कमळाकर स्वतः रक्त घ्यायला गेला. आधीच्या निकालावरून तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

नवा निकाल चांगला आला, तो घेऊन कमळाकर परत गेला. तो कागद तिच्या वडिलांनी, श्रीपतनी, हातात धरला.

"आता ह्यो कुणाला दाखवू?"

"मला न्या त्यांच्याकडं. चूक आमची होती, मी सांगतो."

मुलाकडच्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाही दिला, पण सोयरीक पुन्हा जुळली नाही. आजारी म्हणून महिनाभर घरात बसवलेली मंगळी मात्र दुसऱ्याच दिवशी शेतावर गेली.