अस्पष्ट, मिनिट चौदा

आधीच सांगते, मी भित्री नाही. ऑफिसात झुरळ निघालं की बाकीच्या पाचजणी खुर्च्यांवर चढतात आणि चप्पल मी उचलते. तेव्हा तुला भास झाला असेल, ताण आला असेल, असलं मला कोणी ऐकवू नका. हे माझ्या दादाबद्दल आहे आणि चूक माझी आहे.

माझं काम ऐकून टाइप करायचं. कोर्टातल्या साक्षी, डॉक्टरांच्या नोंदी, मीटिंगा, जे रेकॉर्डिंग येईल ते. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. सोळा वर्षं झाली. नियम दोनच. ऐकलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. आणि ऐकू आलं नाही तर कंसात 'अस्पष्ट' लिहून मिनिट टाकायचं. मग गिऱ्हाईक तेवढाच भाग माइक जवळ घेऊन पुन्हा पाठवतं.

सोमवारी मॅडमनी नवं काम दिलं. "नवीन गिऱ्हाईक आहे, घाई आहे म्हणतात."

एकच सपाट आवाज. बाईचा की पुरुषाचा, कळेना. "इथले उभे प्राणी दिवसाचा तिसरा भाग डोळे मिटून आडवे पडतात. त्या वेळी त्यांच्यावर कोणी पहारा ठेवत नाही. उठल्यावर काचेसमोर उभे राहून चेहरा तयार करतात आणि तो घेऊन बाहेर पडतात. एकमेकांना 'कसं काय' विचारतात. उत्तरासाठी थांबत नाहीत."

मला हसूच फुटलं. शेजारच्या टेबलावर 'रेडिओ' बसते. तिचं खरं नाव कोणी घेत नाही, कारण ती सकाळी सुरू होते ती संध्याकाळीच बंद पडते. मी हेडफोन तिच्या कानाला लावला. "ऐक गं, परग्रहावरून कोणीतरी आपल्याला बघायला आलंय!"

"नाटकबिटक असेल," ती म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "पण हा श्वास कुठे घेतोय?"

खरंच की. माणूस बोलताना श्वास घेतो, आवंढा गिळतो, त्याची खुर्ची करकरते. आम्ही ते ऐकतो आणि गाळतो. इथे चाळीस मिनिटांत गाळायला काहीच नव्हतं. मशीनचा आवाज असेल, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

मंगळवारी दुसरी फाइल आली. "एखादा हलायचा थांबला की बाकीचे त्याच्याभोवती जमतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. हलत होता तोवर त्याच्याकडे बघत नव्हते. याचं कारण समजलेलं नाही." या वेळी मी ते रेडिओला ऐकवलं नाही.

बुधवारी त्या आवाजामागे एक नळ गळत होता. टप, टप, मग जरा दम खाऊन टप. तो माझ्या घरातला नळ होता. तीन महिने रोज ऐकतेय, चुकेन कशी? पेडल सोडून, मागे जाऊन सात वेळा ऐकलं. मग नळाच्या पलीकडून खोकला आला, अर्धवट, कोणाला त्रास नको म्हणून तोंडातच दाबलेला. असं फक्त दादाच खोकतो.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. गुडघे गेले, काम सुटलं, लग्न केलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. घरात मी, नवरा, मुलगी आणि तो. आम्हाला त्याचा काडीचा त्रास नाही. इतका नाही, की तो घरात आहे हे विसरायला होतं.

"या घरात चार आहेत," आवाज म्हणाला. "तिघे एकमेकांशी बोलतात. मागच्या खोलीतल्याशी दिवसाला चार वाक्यं बोलली जातात, त्यातली तीन खाण्याबद्दल. एक नमुना न्यायचा आहे. ज्याला कोणी शोधणार नाही असाच नेला की गडबड होत नाही. हा चालेल. नोंद स्पष्ट झाली की नेऊ."

मी मॅडमकडे गेले. "हे गिऱ्हाईक कोण आहे हो?"

"मेलवरून आलंय. का, जमत नाही का?"

काय सांगणार, कपाळ? पोलिसांत गेले असते तर त्यांनी मलाच पाणी पाजून घरी पाठवलं असतं. मी टेबलाशी येऊन बसले आणि मला अक्कल सुचली. नोंद स्पष्ट व्हायला हवी ना? मग होऊच देणार नाही. चौदाव्या मिनिटापासून जिथे जिथे घर, मागची खोली, तो, असं आलं, तिथे मी 'अस्पष्ट' ठोकून दिलं. अकरा जागा. सोळा वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. फाइल पाठवली आणि मनात म्हटलं, घ्या, बसा आता शोधत.

संध्याकाळी घरी गेले ती तडक दादाच्या खोलीत. आज याच्याशी पोटभर बोलायचंच, असं ठरवून त्याच्या खाटेवर बसले. त्याच्या हातात माझ्या मुलीचं बंद पडलेलं घड्याळ होतं. ते बाजूला ठेवून तो इतक्या आनंदाने माझ्याकडे बघायला लागला की मला कसंतरीच झालं. "बोल ना," म्हणाला.

आणि मला विषयच सुचेना! आईशप्पथ, एक विषय सुचेना. "जेवलास का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. त्या मेल्या आवाजाने मोजलेलंच वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं. मला माझाच भयंकर संताप आला, आणि संताप आला की मी तो समोरच्यावर काढते. बाहेर नळ टपटपत होता. "तो नळ तेवढा बघ म्हणून किती वेळा सांगायचं रे? दिवसभर करतोस काय?"

"वॉशर आणायला हवा," दादा म्हणाला. "उद्या बघतो."

मी दार ओढून घेतलं. पुढच्या दाराची कडी तीनदा तपासली. नवरा म्हणाला, "आज झालंय काय तुला?" मी त्याच्यावरही खेकसले.

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. "अस्पष्ट भाग पुन्हा पाठवत आहोत. लांबून नीट ऐकू आलं नसावं. म्हणून जवळ गेलो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरा नियम! अगं बाई, मीच त्यांना जवळ बोलावलं होतं. मी पेडल दाबलं.

या वेळी मागे नळ गळत नव्हता. दादा बोलत होता. अगदी जवळून, त्याच्या श्वासासकट. तो आवाज विचारत होता आणि दादा सांगत होता. लहानपणी काय खेळायचात? गुडघा कधी दुखतो? लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना भीती वाटायची का? "एकदा हात सुटला होता माझा," दादा म्हणाला. "खाली दोन मजले मोकळे आणि मी एका हातावर लोंबकळत होतो. घरी कोणाला बोललो नाही." तो भरभरून बोलत होता आणि मधेमधे हसत होता. त्याचं हसू मी किती वर्षांनी ऐकलं.

"थकलात का?" आवाजाने विचारलं.

"छे हो! विचारा ना. इतकं कोणी विचारतच नाही मला."

"आमच्याबरोबर येता?"

"बहिणीला सांगून येऊ?"

"ती शोधेल का?"

बराच वेळ नुसता दादाचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "जेवायच्या वेळेला शोधेल."

खाट करकरली. त्यानंतर श्वास नव्हता.

मी हेडफोन तिथेच टाकून चप्पल न घालता पळत सुटले. दोन जिने, तीन गल्ल्या, पुढच्या दाराचं लॅच, मागची खोली. अंथरुणाची घडी केलेली. त्याच्या चपला खाटेखाली. घड्याळ टेबलावर, चालू. ओट्याजवळ पाना आणि झिजलेला वॉशर, आणि नळ गप्प. मी दादाच्या नावाने इतकी किंचाळले की शेजारचे धावत आले.

पोलिसांनी लिहून घेतलं. मोठा माणूस आहे, रागावून गेला असेल, येईल म्हणाले. त्यांनी विचारलं, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगितलं.

शुक्रवारी मी कामावर गेले. मॅडम म्हणाल्या, ती फाइल आता दुसरीला देते. मी म्हटलं, हात लावू नका तिला. रेडिओ दिवसभर गप्प होती. मी पेडल दाबलं आणि दादाचं एकेक वाक्य टाइप केलं, जिथे हसला तिथे हसला असंही लिहिलं. अठ्ठावीस मिनिटांत एकही शब्द अस्पष्ट नव्हता.