नऊ नंबरच्या फळीची शाळा

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. फळी म्हणजे दुकान बंद करायची लाकडी फळी. आता दुकानांना शटर असतात, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेलंही नसेल. आमच्या वेळी दुकानाच्या उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत लांब खाच असे. दुकानदार एकेक फळी त्या खाचेत सरकवत जाई आणि शेवटी आडवा दांडा घालून कुलूप लावी. उदगीरच्या बाजारात धोंडप्पांच्या किराणा दुकानाला अशा नऊ फळ्या होत्या. मी नववी. संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बसायचे आणि सकाळी सगळ्यांच्या आधी निघायचे.

सध्या मी मागच्या खोलीत दोन पिंपांवर आडवी पडून आहे आणि माझ्या पाठीवर तेलाचे डबे आहेत. गेल्या वर्षी लातूर जिल्हा झाला. धोंडप्पांनी दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहून घेतलं. नवा जिल्हा झाला म्हटल्यावर त्यांना जुन्या फळ्या डोळ्यांत खुपू लागल्या आणि दिवाळीआधी शटर आलं. बाकीच्या आठ जणींचं काय झालं ते सांगत बसत नाही. पुढं हिवाळा होता, एवढंच सांगते. मला मात्र दानम्मानं चुलीजवळ जाऊ दिलं नाही. दानम्मा म्हणजे धोंडप्पांची बायको. तिनं मला का वाचवलं, त्याचीच ही हकीकत आहे.

मी मूळची इस्लापूरकडच्या जंगलातली. सागवान आहे मी, उगीच कोणी बाभूळ समजू नये. निजामाच्या राज्यात आमचं झाड तोडलं आणि बैलगाडीतून आम्ही उदगीरला आलो. हणमंत सुतारानं आम्हाला रंधा मारला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही क्रम कळावा, म्हणून त्यानं प्रत्येकीच्या कडेला छिन्नीनं खाचा पाडल्या. माझ्या कडेला नऊ. पुढची पंचवीस वर्षं मी ऊन, धूळ आणि रस्त्यावरची भांडणं अंगावर घेत उभी राहिले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग आली शिवकांता. धोंडप्पांची ही मुलगी बोलताना अडखळायची. पहिला शब्द तोंडातून निघायलाच वेळ लागायचा. एकदा निघाला, की पुढचे पाठोपाठ यायचे. पण शाळेत त्या पहिल्या शब्दासाठी थांबणार कोण? दुसरीत असताना गुरुजींनी तिला धडा वाचायला उभं केलं. सगळा वर्ग हसला आणि तो शब्द काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं दाराची कडी धरून ठेवली. शाळेचं नाव काढलं, की तिला ताप भरू लागला. शेवटी दानम्मा म्हणाली, "राहू द्या घरी. मी शिकवते."

धोंडप्पा म्हणाले, "तू? तू चौथी शिकलीस."

"मग चौथीपर्यंत तर शिकवीन. पुढचं पुढं बघू."

मित्रांनो, इथून पुढचं तुमच्या आईवडिलांनाही वाचून दाखवा. मुलांना घरी शिकवणं म्हणजे काय ते मी अगदी जवळून पाहिलं आहे, कारण सकाळी दुकान उघडलं की मी रिकामीच असायचे. दानम्मानं कोळशाची पूड आणि डिंक कालवून माझी एक बाजू काळी केली, मला आतल्या भिंतीला टेकवलं आणि मी फळा झाले. दुकान उघडलं की शाळा उघडायची. दुकान मिटलं की मी उंबऱ्यात जायचे आणि शाळा मिटायची. फळाच गेल्यावर अभ्यास तरी कशावर करणार?

पहिल्या आठवड्यात दानम्माला वाटलं, शाळा म्हणजे दहा ते पाच. तिनं पोरीला तसं बसवलं. तिसऱ्या दिवशी धडा राहिला बाजूला आणि मायलेकी दोघी रडत बसल्या. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की वर्गात पन्नास पोरं असतात म्हणून सहा तास लागतात. एका पोरीला दीड तास पुष्कळ झाला. मग सकाळी तासभर माझ्यासमोर आणि दुपारी थोडा वेळ तराजूपाशी, एवढंच ठेवलं. दुष्काळाचं साल होतं. दुकानात रेशनचा लाल मायलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, सोडून फारसं काही नव्हतं. शिवकांता तोच तोलायची आणि किलो-ग्रॅमच्या बेरजा माझ्यावर मांडायची. पोत्यावर बसून अपूर्णांक शिकलेली मुलगी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

दानम्माला जे येत नसे ते ती सरळ कबूल करी. एकदा शिवकांतानं आईला विचारलं, "अ... अव्वा, विहिरीतलं पाणी गेलं कुठं?"

"मला न्हाई माहीत," दानम्मा म्हणाली. "चल, उमाबाईला विचारू."

उमाबाई शेजारी राहायच्या. त्या नांदेडला मॅट्रिक झालेल्या होत्या. दर गुरुवारी त्यांच्याकडे जायचं आणि आठवडाभराचे प्रश्न विचारायचे, असं ठरून गेलं. मला त्यांचा थोडा हेवा वाटायचा.

आता धोंडप्पांचं सांगते. माणूस वाईट नव्हता. पण व्यापाऱ्याच्या घरात पोराला पाढे यायला लागले, की गिऱ्हाइकासमोर म्हणून दाखवायचे, ही आमच्या बाजारातली जुनी खोड. धोंडप्पा शिवकांताला गल्ल्याजवळ उभी करत आणि म्हणत, "हं, सांग, सतरा साते?" पोरीला उत्तर ठाऊक असायचं. ते ओठांशी यायचं आणि तिथंच अडायचं. "ए... ए..." एवढं झालं, की धोंडप्पाच घाईघाईनं म्हणायचे, "एकशे एकोणीस! येतं तिला, सगळं येतं." गिऱ्हाईक हसायचं आणि पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचं. ती तो खडा न खाता ठेवून द्यायची. हळूहळू ती घरातही बोलेनाशी झाली. विचारलेल्याचं उत्तर माझ्यावर लिहायची आणि बाजूला व्हायची.

मला ते आवडायला लागलं, हे मी लपवत नाही. घरातल्या कोणाशी बोलत नाही ती मुलगी माझ्याशी बोलते, याचा मला फार अभिमान वाटायचा. त्या अभिमानात तिचं नुकसान होत होतं, ते मला दिसलं नाही.

दानम्माला दिसलं. तिनं स्वतःलाही पाहिलं, तर तीही पोरीची वाक्यं पुरी करत होती. प्रेमानंच करत होती. मग तिनं एक युक्ती काढली. शिवकांता बोलायला लागली, की ती दाताखाली लवंग धरायची आणि पोरीचं बोलणं संपेपर्यंत लवंग हलू द्यायची नाही. आधी आधी तिचे डोळे भरून यायचे. लवंगेनं की पोरीच्या धडपडीनं, ते तिचं तिला माहीत. धोंडप्पांनाही तिनं सांगितलं, "लवंग धरा, न्हाई तर आतल्या घरात येऊ नका." त्यांनी दोन दिवस धरली, तिसऱ्या दिवशी चावून खाल्ली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. घराला टँकरच्या दोन घागरी मिळायच्या. फळा पुसायला ओलं फडकं कुठलं? माझं तोंड कोरड्या चिंधीनं पुसायचे, त्यामुळे कालचं लिहिलेलं आज पुसट दिसायचं, परवाचं त्याच्याही खाली दिसायचं. एका दुपारी शिवकांतानं बेचाळीस सक दोनशे बेचाळीस असं लिहिलं. तेवढ्यात कापडवाले किशनराव दुकानात आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. धोंडप्पांची नजर त्या उत्तरावर गेली. किराणावाल्याच्या पोरीचा गुणाकार चुकलेला, आणि तो किशनरावांसमोर! त्यांनी तांब्या उचलला, उपरण्याचं टोक भिजवलं आणि ते उत्तर खसाखसा पुसून काढलं.

दानम्मा आतून आली. "प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही चूक धुवून राहिलात?"

"अगं, किशनराव बघून राहिले होते."

"बघू द्या की. पोरीची चूक हाय, चोरी न्हाई."

किशनराव बोटांवर हिशेब करत होते. ते म्हणाले, "मला तर बरोबरच वाटलं होतं, अण्णा."

शिवकांता हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिनं खडू उचलला, पुसलेलं चुकीचं उत्तर पुन्हा लिहिलं, त्यावर एक रेघ मारली आणि शेजारी दोनशे बावन्न लिहिलं. त्या दिवसापासून तोच नियम झाला. चूक पुसायची नाही, रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. धोंडप्पांनी त्यानंतर तिला गल्ल्याजवळ उभं केलं नाही. लाजले होते की सुधारले होते, कोण जाणे. पण ती घरात पुन्हा बोलू लागली.

जूनमध्ये हेडमास्तर वसंतराव दुकानात आले. ते शाळेत नवे होते. ते म्हणाले, "तोंडी आणि लेखी परीक्षा घेतो. जमलं तर एकदम चौथीत बसवू." चौथीपुढचं दानम्माला शिकवता येणार नव्हतं. आता शाळेत गेली नाही, तर शिवकांताचं शिक्षण तिथंच थांबणार होतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी ते बोलून दाखवत नव्हतं.

पण शिवकांता दुसऱ्या कशावरच लिहीना. पाटी दिली, ढकलली. वही दिली, मिटली. "फ... फळी असेल तर येते," म्हणाली. दानम्मा कपाळाला हात लावून बसली. "माझीच चूक. एका जागी, एका फळीवर शिकवलं. कधी उमाबाईच्या घरी लिहायला लावलं न्हाई, कधी देवळाच्या ओट्यावर बसवलं न्हाई." मी काही बोलू शकत नव्हते. बोलू शकले असते तरी बोलले नसते, कारण मी मनातून खूश होते.

वसंतराव म्हणाले, "आणा की फळी. तिचं काय एवढं!"

परीक्षा भर दुपारची होती. त्या वेळी दुकान मिटून घरची मंडळी जेवायला बसत. आता नववी फळीच नाही म्हटल्यावर दुकान मिटायचं कसं? धोंडप्पा म्हणाले, "जा तुम्ही. मी बसतो." आणि फळीच्या जागी ते स्वतः उंबऱ्यात बसले, उपाशी. येणाराजाणारा विचारायचा, "अण्णा, फळी कुठं हाय?" ते सांगायचे, "परीक्षेला गेली." हे मला नंतर आठव्या फळीनं सांगितलं.

एका टोकाला दानम्मा आणि दुसऱ्या टोकाला उमाबाई, अशी माझी वरात बाजारातून निघाली. "पोरगी पास झाली तर हिचाही दाखला काढा," उमाबाई म्हणाल्या. वर्गात मला शाळेच्या फळ्याशेजारी टेकवलं. दानम्माला बाहेर व्हरांड्यात बसवलं.

वसंतरावांनी पुस्तक दिलं. "वाच बाळ."

शिवकांतानं तोंड उघडलं. पहिला शब्द अडला. खिडकीतून डोकावणारी पोरं फिसकन हसली. वसंतरावांनी त्यांना हाकललं, पण जे व्हायचं ते झालं होतं. पोरीनं पुस्तक मिटलं, माझ्यापाशी आली आणि माझ्या कडेला हात लावून उभी राहिली. मला वाटलं, आता माझं काम. लिही बाई, काय लिहायचं ते लिही.

"बरं, लेखी करू," वसंतराव म्हणाले. त्यांनी शाळेच्या फळ्यावर वजाबाकी मांडली. तीनशे सहामधून एकशे अठ्ठ्याहत्तर गेले. "हे बघ, असं मी करतो, तसं तू पुढचं करायचं." आणि त्यांनी खाली उत्तर लिहिलं, एकशे अडतीस.

शिवकांता बघत राहिली. तिचा हात माझ्यावरून सुटला.

"गु... गु... गु..."

वसंतराव थांबले. खडू हातात धरून नुसते उभे राहिले. बाहेर दानम्मानं पदर तोंडात कोंबला होता. शब्द काही निघेना. कितीतरी वेळ निघाला नाही. मी सागवान आहे, पण त्या वेळी मला फार भीती वाटली.

"गुरुजी, हे चुकलं."

"कुठं?"

ती चालत गेली. माझ्याकडे नाही, शाळेच्या फळ्याकडे. तिनं त्यांच्या हातातला खडू घेतला, त्यांच्या उत्तरावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, एकशे अठ्ठावीस. मग हातचा कसा सुटला ते तिनं अडखळत, थांबत, पण शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये कोणी बोललं नाही.

वसंतरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. "हाव की गं. खरंच चुकलं माझं," म्हणाले. "बस त्या बाकावर. आजपासूनच चौथीत बस."

मला परत न्यायला उमाबाई आणि दानम्मा दोघीच होत्या. माझ्यावर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. वाटेत मला राग आला, वाईटही वाटलं. एवढं वाजतगाजत नेलं आणि कोणी हात लावला नाही, असं मी बराच काळ मनात धरून होते. दानम्मा मात्र चालता चालता रडत होती आणि हसतही होती.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मुलांना शिकवत असेल, तर त्यांना माझा एक निरोप द्या. रोज थोडं शिकवा. येत नाही ते कबूल करा. मुलाचं वाक्य आपण पुरं करू नका आणि पाहुण्यांसमोर त्याला उभं करू नका. एवढं जमलं, की एके दिवशी मूल तुम्हाला सोडून दुसऱ्या फळ्याकडे चालत जाईल. तेव्हा त्याला हाक मारू नका. मलाही त्या दिवशी हाक मारावीशी वाटली होती. माझ्याकडे आवाज नव्हता, हे बरंच झालं.