माडीवरचा बाक

"अगं बाई, हा बाक आहे की शिक्षा? कंबर धरली माझी!" रत्नाकाकू माझ्यावर टेकल्या टेकल्या कुरकुरल्या.

धरणारच. मला घडवलंच तसं आहे. मित्रांनो, मी बॉस्टनच्या एका चर्चमधला, माडीवरचा जुना बाक आहे. अडीचशे वर्षं उलटून गेली, पण अजून कुणापुढे वाकलो नाही.

सुताराने खालची आसनं आणि मला एकाच पाइनच्या लाकडातून घडवलं. खालच्यांना रेलायला तिरकी पाठ, वारा अडवायला भोवती फळ्या आणि छोटी दारं. मला नुसती ताठ फळी. वर समोर उंच कठडा, वरची माणसं खालून दिसू नयेत म्हणून! हिवाळ्यात खाली पायांशी निखाऱ्यांच्या पेट्या असत. माझी माणसं मात्र एकमेकांना खेटून ऊब घेत. प्रभुभोजनाची, म्हणजे प्रसादाची, भाकरी वर यायची ती सगळ्यांच्या शेवटी. तरी प्रार्थनेत आवाज खणखणीत कुणाचा? वरच्यांचा. मी साक्षीला आहे.

पुढे कायदा बदलला, तशी ती माणसं स्वतःचं चर्च उभारायला निघून गेली. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. आता पर्यटक मला 'क्यूट' म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, जुन्या वस्तूला पॉलिश नसलं तरी चालतं. तिच्यावर खोटं तेवढं ठोकू नका.

आज तेच व्हायचं होतं. बॉस्टनजवळच्या श्रूजबरी गावची सुलेखा इथे हौसेने गाइडचं काम करते. आज तिने नवऱ्याला, विक्रमला, आणि नागपूरहून मुलाकडे आलेल्या शेजारच्या रत्नाकाकूंना सोबत आणलं होतं. चर्चच्या समितीने दिलेली पितळी पाटी तिच्या हातात होती: 'पाहुण्यांची आसने'. ती माझ्या पाठीवर बसायची होती, कायमची.

"पाहुणे?" काकूंनी कठड्यावरून मान उंच करून पाहिलं. "पाहुण्यांना असं लपवतात होय गं?"

"काकू, तेव्हा गर्दी असायची ना..."

"आमची आजी गावच्या देवळात कधी आत गेली नाही. जाऊच देत नव्हते. बाहेरूनच हात जोडायची. तिलाही पाहुणी म्हणशील?"

विक्रमने घड्याळ पाहिलं. "सुलेखा, यार, लाव ना ती पाटी. कशाला नको ते विषय? ब्रंचला लेट होतंय."

"तूच जा ब्रंचला."

सुलेखाने पाटी पर्समध्ये टाकली. खाली पर्यटक उभे होते. कठड्याशी जाऊन तिने त्यांना मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, मग तेच काकूंकडे वळून मराठीत:

"इथे गुलाम बसायचे, काकू. खाली बसून प्रार्थना करणाऱ्यांनीच विकत घेतलेले."