बाहेरची चूल

आमच्या तांड्यात बोकड पडला की पहिली हाक हिरासिंगला जाते. अंगणात तीन दगड मांडायचे, हंडा चढवायचा आणि रक्ताची सळोई अशी शिजवायची की ढाणकीहून आलेल्या पाहुण्यांनी बोटं चाटावीत, हे काम त्याचंच. आम्हा बायकांना त्या हंड्याजवळ फिरकायची बंदी. आम्ही लांब बसायचं, वाढलेलं खायचं आणि मग हंडे घासायचे. हंडे घासायला मात्र बंदी नाही, हे लक्षात ठेवा.

हाच हिरासिंग घरी गेला की पाण्याचा माठ कुठे आहे हेही त्याला आठवत नाही. मी समोरच राहते, सगळं दिसतं आणि ऐकूही येतं. त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, एकदा हौसेनं विचारलं होतं, "भाकर कशी झाली?"

"भाकरीले काय होते? भाकर भाकरीसारखी," तो म्हणाला.

मानीबाईनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्या जागी मी असते तर दुसऱ्या दिवशी त्याला उपाशी ठेवलं असतं.

यंदा कापूस वेचताना मानीबाई बांधावरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या सुनेला, बबिताला, निरोप आला. फवारणीचं ड्रोन उडवायला शिकवतात तिथं तिचा नंबर लागला होता. सोमवारी नागपूरला पोचायचं, दहा दिवस तिथंच राहायचं. गेली नाही तर जागा दुसरीला. बबिता नुसतं 'उडवायचं' म्हणाली तरी तिचा चेहरा फुलायचा. तिचा नवरा शाम ऑटो चालवतो. त्याला विचारलं की तो 'बापू म्हणतीन तसं' एवढं एकच वाक्य बोलतो. म्हणून बबितानं थेट सासऱ्यालाच विचारलं. तेव्हा तांड्याचे नायक भावसिंग अंगणात चहा पीत होते.

"आन घरी सैपाक कोन करन?" हिरासिंग म्हणाला.

"तुमी करा ना मामाजी. साऱ्या तांड्याले जेवू घालता."

हिरासिंग हसला. नायकही हसले.

"अवं पोरी, ते बाहेरची चूल हाय. बाहेरची चूल माणसाची, आतली बाईची. बापजाद्यापासून चालत आलं. आतल्या चुलीले माणसाचा हात लागला का घराची बरकत जाते. इचार नायकाले."

नायकांनी मान डोलावली. मान डोलावणं हे नायकांचं मुख्य काम आहे.

बबिता चहाचे कप उचलून आत गेली. गेली पोरीची जागा, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं. पण मी तिला पुरतं ओळखलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी पाहते तर हिरासिंगच्या अंगणात तीन दगड मांडलेले. शेजारी पीठ, डाळ, तिखटमिठाचे डबे, तवा, परात, सगळा संसार बाहेर. गॅसची टाकी तर बबितानं पहाटेच माझ्याकडे आणून ठेवली होती.

"मामाजी, आता आत चूलच नाई. सारं बाहेर हाय," बबिता म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं इतका अदबीनं सारखा केला की मला हसू आवरेना.

हिरासिंग तणतणत नायकांना घेऊन आला. नायकांनी दगड पाहिले, डबे पाहिले, बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"हिरासिंग, दगडं बाहेर हायत. तू माह्यासमोरच बोलला. आता चूल तुहीच. मी उद्या दुपारी जेवाले येतो."

सोमवारी बबिता पहिल्या गाडीनं गेली.

एका बोकडाला मीठ किती, हे हिरासिंग झोपेतही सांगेल. पण वाटीभर डाळीला किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. शंभरापेक्षा कमी माणसांसाठी त्यानं कधी शिजवलंच नव्हतं. त्यामुळे त्यानं हंडाभर वरण केलं आणि विस्तवात कणकेच्या गोळ्यांचे ढीगभर रोडगे भाजले. सगळा तांडा जेवला. "वा हिरासिंग!" झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाजेवरून मानीबाई ओरडली, "अवो, आपुन घरी तिघंच हावो! लगन नाई हाय हे!"

मग मानीबाई बसल्या जागेवरून सांगू लागली आणि तो भाकरी थापायला शिकला. पहिली भाकरी झरी जामणी तालुक्याच्या नकाशासारखी झाली. बोटं पोळली ती वेगळीच. खरकट्या भांड्यांचा ढीग बघून त्यानं मला हाक मारली, "धनीबाई, एवढे भांडे..."

"भांडे बाहेर हायत ना भौ? मंग माणसाचेच," मी म्हटलं. आणि चहाचा कप घेऊन दारात बसले, त्याला राखेनं तवा घासताना बघत. इतका गोड चहा मला आयुष्यात लागला नव्हता.

रोज कोणी ना कोणी पुरुष यायचा आणि "काय भाकर केली बाप्पा!" म्हणून जायचा. एक करपलेली भाकरी केली तरी कौतुक! मानीबाईनं लग्नापासून थापलेल्या भाकऱ्या रचल्या तर तांडा झाकला जाईल, पण त्यातल्या एकीलाही कोणी वा म्हटलं नव्हतं. माझा जीव जळायचा. मानीबाई नुसती ऐकत राहायची.

बबिता परत आली. तिनं शेताच्या डोक्यावर ड्रोन फिरवल्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. शामनं तो दोनदा पाहिला, तेही बापूला न विचारता. त्या संध्याकाळी हिरासिंगची भाकरी टम्म फुगली. एक चीर नाही, एक डाग नाही. जेवायला आलेल्या नायकांना न देता ती त्यानं ठेच्यासोबत मानीबाईपुढे ठेवली आणि उभा राहिला.

"कशी झाली?"

मानीबाईनं डाव्या हातानं घास मोडला. सावकाश चावला.

"भाकरीले काय होते? भाकर भाकरीसारखी."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. हिरासिंगला आठवलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हनजे... तुले तेवा असंच लागलं..."

"तेवा," मानीबाई म्हणाली, "आन त्याच्या बादबी, रोज."

बबिता डबे आत न्यायला उठली आणि तिनं एका दगडाला हात घातला.

"राहू दे व," मानीबाई म्हणाली. "दगडं हलवू नको. माहा हात बरा झाला तरी राहू दे."

हिरासिंगनं नायकांकडे पाहिलं. नायकांनी मान डोलावली. मानीबाईनं ताट पुढे सरकवलं.

"आना, अजून एक. गरम हाय तवर."