देवाला दिलेला सेन्सर

"बास करा आता. बॅटरी बी जाईल," मागच्या सीटवरून रुक्मा नवऱ्याला म्हणाली.

वासूनं किल्ली सोडली. कुंभारवाड्याहून निघाल्यापासून जीप शहाण्यासारखी चालली होती, आणि चढाच्या शेवटच्या वळणावर निमूटपणे मेली. फोनला रेंज नव्हती. सकाळची बस गेलेली होती, पुढची संध्याकाळी, तीही आली तर.

दांडेलीत अकरा वाजता रुक्माचं डायलिसिस होतं. मंगळवारी वाऱ्यानं रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि ती फेरी चुकली. आज शुक्रवार. तिचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिला श्वास शोधावा लागत होता. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले होते, "आता एकही चुकवू नका."

दोष सेन्सरचा होता. अंगठ्याएवढा काळा तुकडा. इंजिन फिरतंय एवढंच त्यानं जीपच्या कॉम्प्युटरला कळवायचं. त्यानं कळवलं नाही, की चांगलं इंजिनही मेलेलंच धरतात; हयातीचा दाखला न दिलेल्या पेन्शनरासारखं.

जुना सेन्सर तापला की गप्प व्हायचा. त्यावर ओलं पोतं गुंडाळायचं, दोन लिटर पाणी ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं. मग तो पुन्हा बोलायचा. रुक्माला दिवसाला अर्धा लिटर पाण्याची परवानगी. ती त्या धारेकडं बघत बसायची आणि म्हणायची, "माझ्यापरीस ह्याची चैन हाय."

शेवटी वासू रामनगरला महेशच्या गॅरेजात गेला. "कंपनीचा यायला पंधरा दिवस लागत्यात, अण्णा. हा बाहेरचा हाय, पण चालतोय बगा."

"किती दिवस?"

"गाडी हाय तवर."

वासूनं विश्वास ठेवला. सेन्सरसाठी गाडीत ठेवलेला पाण्याचा कॅन कोंबड्यांना दिला. आणि जुना सेन्सर, रीतीप्रमाणे, या वळणावरच्या देवाला वाहिला. इथले ड्रायव्हर गाडीचा झिजलेला भाग भंगारात घालत नाहीत. ज्यानं इतकी वर्षं चढ चढवला, त्याला देवापुढं ठेवतात. देव म्हणजे शेंदूर फासलेला दगड. पुढं क्लचप्लेटा, बेअरिंगं, ब्रेकचे लायनर. रामनगरच्या दुकानात नसेल इतका माल.

नवा सेन्सर अकरा दिवस चालला. गाडी अजून होतीच.

वासूनं तो काढला, फुंकला, पुसला, परत बसवला. काही नाही. मग तो शंभर पावलं चालून देवाकडं गेला. शेजारी सावलीत गुरं राखत नागूमामा बसला होता. देवाचं पुजारपण त्याच्याकडंच होतं.

"मामा, माझा जुना सेन्सर परत पायजे."

"दिल्यालं परत मागतोस व्हय रं?"

"रुक्मा गाडीत हाय. दांडेलीला न्ह्यायाची हाय."

नागूनं वळून जीपकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, पण रीत ती रीत. "कौल लाव. उजवी पाकळी आदी पडली तर घे. पाकळी चिकटवायला पाणी आन."

ओहोळ आटलेला. पाणी होतं ते एकट्या रुक्माच्या बाटलीत, तिचं दिवसभराचं. वासूनं ती आणली, देवाला हातभर लांबून नमस्कार केला आणि बोट भिजवून दोन पाकळ्या दगडाला लावल्या; एक उजवीकडं, एक डावीकडं.

दोघं बघत बसले. वारा पडलेला. उन्हानं पाणी वाळलं आणि पाकळ्या दगडाला गोंदासारख्या चिकटल्या. वासूनं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस. त्याला वाटलं, आपण फुंकर मारावी. नागूचं लक्ष होतं.

"देव इचार करतोय," नागू म्हणाला.

"कवापतूर?"

"त्ये काय सांगता येतंय?"

मागून पावलं घासत आल्याचा आवाज झाला. रुक्मा झाडाझाडाला धरत येत होती. वासू उठून धावला, पण तिनं त्याचा हात बाजूला केला आणि दगडापुढं वाकली. वाकायला तिला बराच वेळ लागला.

"अगं रुक्मा, कौल लावलाय," नागू घाईनं म्हणाला. "पाप लागंल."

"लागू दे, मामा. देवाला टाइम हाय, मला न्हाई."

तिनं ढिगातून जुना सेन्सर उचलला. मग वासूपुढं हात केला. "तो नवा द्या."

नवा कोरा सेन्सर तिनं त्याच जागी ठेवला आणि पदरानं जरासा पुसला. नागू उठला. त्यानं तिचा दंड धरला आणि तिला जीपपर्यंत आणलं.

वासूनं एका बोल्टात जुना सेन्सर बसवला, सीटखालचा पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि तो थांबला. इंजिन अजून तापलेलं होतं, कोरड्या पोत्यानं भागणार नव्हतं; आणि देवापुढून उचललेली बाटली रुक्माच्या हातात होती.

"वता की," ती म्हणाली. "बगत काय ऱ्हाता?"

"सगळं?"

"थोड्यानं तो ऐकतोय व्हय?"

तो हलेना, तेव्हा तिनंच बाटली उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. पोत्यावरचं पाणी तिच्या बोटांना लागलं होतं. तिनं ती बोटं ओठांवरून फिरवली आणि वासू बघत नाही ना, ते पाहिलं. वासू बघत नव्हता. तो किल्लीकडं बघत होता.

जीप चालू झाली. नागूनं मागून उगाचच धक्का दिला.

दांडेली अजून लांब होती. पहिल्याच उताराला बॉनेटमधून पोत्याची वाफ येऊ लागली. रुक्मानं रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली सांडू नये तशी सरळ मांडीवर धरली.