शेवटचा आकडा

कौतिक नानांना फोटो काढायचा नाद होता, पण साऱ्या जगाचे नाही. फुलपाखरं, सूर्यास्त, नातवंडांचे वाढदिवस यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा मोबाइल खिशातून निघायचा तो बंदुकीसाठी. स्वतःची एकनळी बारा बोअर, तिची कातडी खोळ, काडतुसांचा पट्टा, नळी साफ करायचा गज, तेलाची कुपी, एवढाच त्यांचा विषय. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओट्यावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर बंदूक आडवी ठेवायची आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी तासभर तिच्याभोवती रांगायचं. एरंडोलजवळच्या त्यांच्या गावात लोक म्हणायचे, नाना रानडुकरांना गोळी घालत नाहीत, त्यांना फोटो दाखवून पळवतात. त्यात खोटं काही नव्हतं. त्या बंदुकीतून शेवटचा बार कधी निघाला, हे खुद्द नानांनाही आठवत नव्हतं.

आणि रविवारी याच नादानं त्यांचा घात केला.

झालं असं की सून मयुरीनं जळगावहून त्यांच्यासाठी एक चिमटा आणला होता. चिमट्याला भिंग. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावलं की मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसे. नानांना कोण आनंद झाला! नळीच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का आणि नंबर होता, पण पस्तीस वर्षांच्या तेलानं आणि मळानं तो पार बुजून गेला होता. नानांनी जुना दातांचा ब्रश घेतला, रांगोळीची चिमूटभर पूड घेतली आणि शिक्का घासघासून चकचकीत केला. मग भिंग लावून असा फोटो काढला की लोखंडावरचा प्रत्येक चरा मोजून घ्यावा. त्याच तोऱ्यात त्यांनी तो ‘शिवारमित्र’ नावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. पाच मिनिटांत कौतुकाचा पाऊस पडला. ठाण्यातले एक हवालदारही त्या ग्रुपमध्ये होते, त्यांनीही शाबासकीचा अंगठा पाठवला. नानांनी मिशीवरून हात फिरवला.

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. नेहमी तिथला कारकून परवान्याच्या पुस्तकावरून नंबर उतरवून घ्यायचा आणि बंदूक उघडून न पाहता कोपऱ्यात उभी करायचा. यंदा मात्र छापील अर्ज घरी दिला होता. नंबर ज्याचा त्यानं लिहायचा. नानांनी चष्मा चढवला, आपल्याच फोटोकडे अभिमानानं पाहिलं आणि लिहिलं, चार, शून्य, आठ, सात.

मयुरी बाजूला बसून परवान्याचं पुस्तक चाळत होती. ती म्हणाली, “नाना, शेवटचा आकडा चुकला वाटतं. पुस्तकात सहा आहे.”

“फोटोत बघ. सात आहे.”

“फोटोत सातच आहे हो. पण पुस्तकात सहा आहे. सगळीकडे सहाच आहे.”

नानांनी पुस्तक ओढून घेतलं. एकोणनव्वद सालापासूनचे शिक्के, नूतनीकरणं, सह्या, आणि प्रत्येक ठिकाणी चार हजार शहाऐंशी. त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कारण सत्याऐंशी नंबर कुणाचा, हे त्यांना पाठ होतं. तो गिरधरचा होता.

गिरधर त्यांचा धाकटा भाऊ. वडिलांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोघा मुलांसाठी दोन बंदुका घेतल्या होत्या. एकाच घडणीच्या, लागोपाठच्या नंबरांच्या. ओळखायची खूण एकच, नानांच्या बंदुकीला कातडी पट्टा आणि गिरधरच्या बंदुकीला खाकी. दर खंडेनवमीला पट्टे, खोळी काढून दोन्ही बंदुका एका पाटावर ठेवायच्या, झेंडूची फुलं वाहायची, आरती झाली की पट्टे पुन्हा चढवायचे. अकरा वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला आरतीनंतर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. गिरधरनं रागारागात पाटावरची एक बंदूक उचलली, तिला आपला खाकी पट्टा अडकवला आणि तो तडक धुळ्याला निघून गेला. उरलेल्या बंदुकीला नानांनी कातडी पट्टा लावला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही, मयताला गेले तर एकमेकांकडे पाठ करून बसायचे.

म्हणजे अकरा वर्षं नाना दुसऱ्याच्या बंदुकीचे लाडाकोडानं फोटो काढत होते. त्याचं हसू यायला हवं होतं, पण नानांना हसू आलं नाही. परवान्यात नाही ती बंदूक घरात म्हणजे विनापरवाना हत्यार. आणि त्याहून वाईट म्हणजे गिरधर धुळ्यात एका पतसंस्थेच्या दारात पहारेकरी होता. त्याची नोकरीच मुळी स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर होती. अकरा वर्षं तो बिचारा नानांची बंदूक खांद्याला लावून उभा होता. हे बाहेर आलं तर नानांचा परवाना जाणार, आणि गिरधरच्या घरातली चूल विझणार.

“नाना, आधी तो फोटो काढून टाका ग्रुपवरून,” मयुरी म्हणाली.

नानांनी काढला. तर त्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी आली. लगेच कुणीतरी विचारलं, “काय झालं नाना, का उडवला?” दुसऱ्यानं लिहिलं, “मी जपून ठेवला आहे, पाहिजे तर पाठवतो.” आणि त्यानं तो पुन्हा ग्रुपवर टाकलासुद्धा. अशा मदतनीस माणसांना काय म्हणावं! नाना डोक्याला हात लावून बसले. हवालदारांच्या नावापुढे ते ऑनलाइन असल्याचं दिसत होतं. ते फोटो मोठा करून पाहत आहेत, वहीशी ताडून पाहत आहेत, टोपी चढवून निघाले आहेत, असं सगळं नानांना बसल्या जागी दिसू लागलं.

गप्प बसायचा मोह झाला. अर्जात साताचा सहा करावा, कारकुनाच्या पुढ्यात बंदूक ठेवावी, नेहमीसारखं निभावून जाईल. पण घासलेला शिक्का आता आरशासारखा चमकत होता, आणि हा पराक्रम त्यांनी स्वतःच केला होता.

गिरधरचा नंबर मोबाइलमध्ये होता. नानांनी तीन वेळा तो काढला आणि तीन वेळा बंद केला. अकरा वर्षांनी फोन करून म्हणायचं काय? शेवटी त्यांनी बंदूक लोखंडी कपाटात घातली, किल्ली मयुरीकडे दिली, परवान्याचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि एरंडोलला येऊन धुळ्याची बस धरली. रविवार होता. पतसंस्था बंद, म्हणजे गिरधर घरी असणार.

पारोळ्याच्या पुढे नाकाबंदी लागली. दोन पोलीस बसमध्ये चढले आणि एकेकाच्या पिशव्या उघडू लागले. नानांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिशात एक रिकामं काडतूस होतं. फोटोत बंदुकीशेजारी शोभेला ठेवायचं, पितळी बुडाचं. सकाळी धोतरावरून उचलून तसंच खिशात टाकलं होतं. त्यांनी ते मुठीत आवळून धरलं. पोलीस जवळ आला. “आबा, पिशवीत काय आहे?” “कागद,” नाना म्हणाले, आणि आपला आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. पोलिसानं पिशवीत डोकावलं, त्यांच्या घामेजलेल्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं वाटत नाही का? खिडकीशी बसा.” तो पुढे गेला तरी नानांची मूठ धुळ्यापर्यंत उघडली नाही.

बस हलल्यावर त्यांना एक गोष्ट आठवली. भांडणाच्या आधी, आरतीच्या वेळी, त्यांनी पाटाचा फोटो काढला होता. तेव्हा त्यांच्याकडे छोटा कॅमेरा होता. मयुरीनं ते सगळे जुने फोटो मोबाइलमध्ये भरून दिले होते. नाना शोधत गेले. सापडला. पाटावर दोन उघड्या बंदुका, झेंडू, बाजूला काढून ठेवलेले दोन पट्टे, आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख. पोलिसांना दाखवायला याहून चांगला पुरावा नव्हता. पण फोटोत आणखी काहीतरी होतं, आणि म्हणूनच नानांनी तो अकरा वर्षांत एकदाही उघडला नव्हता. पाटामागे आईची तसबीर होती, आणि तिच्यावरचा हार ताजा होता.

आई जाऊन महिनाच झाला होता तेव्हा. ती गेली त्या दिवशी गिरधर धुळ्याहून निघाला होता, वाटेत गाडी बंद पडली होती. गावकरी घाई करू लागले आणि नानांनी अग्नी दिला. गिरधर पोचला तेव्हा चिता पेटून अर्धा तास झाला होता. त्याला आईचं तोंड दिसलं नाही. महिनाभर तो काही बोलला नाही, आणि खंडेनवमीला पाटासमोर बोलला, “अर्धा घंटा बी थांबता उनं नही का तुले?” नाना मोठे होते. मोठ्यानं चूक कबूल करायची तर घरात मान कशी राहील, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. ते उलट त्याच्यावरच ओरडले.

धुळ्यात उतरून केलेली रिक्षा पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपुरात शिरली. दुसऱ्या मजल्यावर गिरधरचं दार. त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं दार उघडलं, जेठाला पाहून पदर डोक्यावर घेतला आणि आत वळून म्हणाली, “अहो, दखा कोन उनं!”

गिरधर बाहेर आला. केस पार पांढरे झालेले. खोलीच्या कोपऱ्यात खाकी पट्ट्याची बंदूक उभी होती. नानांनी ती पाहिली, आणि इतक्या वर्षांनी स्वतःची बंदूक पाहतोय हे कळूनही त्यांना तिचा फोटो काढावासा वाटला नाही.

“गिरधर, भलती गडबड व्हई गई,” नाना उभ्या उभ्याच म्हणाले. “मनाकडली बंदूक मनी नही. तुनी शे.”

“माले माहीत शे,” गिरधर म्हणाला. “बस.”

“कवयपशी?”

“पहिला दिनपशी. घर ऊनू, साफ कराले लिधी, नंबर दखा.”

नानांना संताप आला. “अकरा साल! अन् तू बोलना नही? तुनी नोकरी जाती ना भो!”

गिरधरनं बंदुकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “सांगी देतू, तं तू कोनातरी हाते धाडी देता. सोता येता का?”

नाना खाली बसले. तो म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. त्यांनी गड्याच्या हाती बंदूक पाठवली असती आणि त्याच्याच हाती आपली मागवली असती. दर नूतनीकरणाला, दर निवडणुकीला गिरधरचा जीव टांगणीला लागला असेल, आणि तरी तो भाऊ दारात येण्याची वाट पाहत राहिला होता. भाऊ मात्र ओट्यावर धोतर अंथरून फोटो काढत होता. नानांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग ठरलं ते असं. लपवायचं नाही. कुणीही बंदूक घेऊन रस्त्यावर निघायचं नाही. दोघांनी मिळून अर्ज लिहायचा, आधी इथल्या ठाण्यात द्यायचा आणि उद्या बाराच्या आत तिकडच्या. सोबत त्या फोटोची प्रत जोडायची. मंजुळाबाईनं भीत भीत विचारलं, नोकरीचं काय. गिरधर म्हणाला, “जाई तं जाई,” आणि कोरे कागद शोधायला उठला.

अक्षर नानांचं चांगलं, म्हणून लिहायला तेच बसले. नावं, पत्ते, परवाने, नंबर सगळं झालं. मग ‘अदलाबदल होण्याचे कारण’ आलं आणि पेन थांबलं. गिरधर म्हणाला, लिही, घरगुती वाद. नानांनी नकारार्थी मान हलवली आणि बराच वेळ खाली मान घालून ते लिहीत राहिले. कागद गिरधरपुढे सरकवला.

गिरधर वाचू लागला. ‘आमची आई वारली त्या दिवशी धाकटा भाऊ वाटेत आहे हे ठाऊक असूनही मी त्याच्यासाठी थांबलो नाही व अग्नी दिला. त्याला आईचे शेवटचे दर्शन झाले नाही. ही चूक माझी आहे. पुढे खंडेनवमीस त्यावरून वाद झाला, तेव्हाही चूक माझीच होती.’

त्यानं दोनदा वाचलं. मग नानांचा मोबाइल उचलून त्या फोटोतल्या आईच्या तसबिरीवर बोट ठेवलं. त्यानं विचारलं, “पोलिसस्ले हाई कसाले सांगनं, भाऊ?”

“पोलिसस्करता नही लिखं,” नाना म्हणाले.

गिरधरनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि भावाच्या सहीखाली सही केली. बंदूक कपाटात बंद झाली आणि दोघं अर्ज घेऊन ठाण्यात जायला निघाले. पुढे काय होईल याची भीती दोघांच्याही तोंडावर स्पष्ट होती. नानांचे गुडघे दुखत होते, जिना उतरायला त्यांना वेळ लागला. गिरधर आधी खाली गेला आणि शेवटच्या पायरीशी त्यांच्यासाठी थांबला.