टेबलाने खाल्लेले आठ सेंटिमीटर

टेबलाला खोकला झाला होता, म्हणून रांगेतली माणसं हळू आवाजात बोलत होती. कुणीतरी त्याच्या पायांत लोकरीचे मोजे घातले होते. चारही पायांत.

"काल माझा दमा घेतला ना त्याने," आमच्या पुढचे शिंपीकाका धापा टाकत म्हणाले. "बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नसेल."

टेबल आजार उतरवून देणाऱ्या मेजबाबांचं. जुनं, शिसवी, एका खणाचं. आपली औषधं खणात ठेवायची. बाबा खण लावून मूठ धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "घे रे लाकडा, याची पीडा घे." पुन्हा उघडला की खण रिकामा. औषध गेलं, म्हणजे आजारही गेला.

माझी आत्या हृदयाच्या गोळ्या घेऊन उभी होती. एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ही बाई महिनाभराच्या गोळ्या टेबलाला चारायला निघाली होती.

"आत्या, टेबलाला हृदय असतं का गं?"

"गप्प बस. त्याला ऐकू जातं."

आमचे आजोबा सुतार. ते सांगायचे, पूर्वी व्यापारी, वकील, राजघराण्यातली माणसं पत्रं नि दागिने लपवायला चोरकप्प्याची टेबलं करून घेत. कुणी खोटी पाठ बसवी, कुणी खोटा तळ. "शोधायचा तर ठोकत बसू नकोस. आधी बाहेरून मोज, मग आतून."

आत्याच्या गोळ्या खणात गेल्या. खण रिकामा निघाला. मी दप्तरातून पट्टी काढली.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले, "ते अशक्त आहे."

तोवर मी मोजलंसुद्धा. खण बाहेरून पंधरा सेंटिमीटर उंच, आतून सात खोल.

"बाबा, आठ सेंटिमीटर कुठे गेले?"

"मंत्राने लाकूड आकसतं, बाळ."

"फक्त आतून?"

शिंपीकाकांनी गळ्यातली टेप काढून स्वतः मोजलं. "पंधरा आणि सात," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात याला गिऱ्हाइकाचं कापड मारणं म्हणतात."

मी मूठ फिरवली. खणाचा तळ दारासारखा खाली उघडला. खालच्या कप्प्यात आत्याच्या गोळ्या, काकांचा दम्याचा पंप आणि एक अर्धी संपलेली डबी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मेजबाबा. मधुमेह. जेवणाआधी एक.'

"तुमचा आजार नाही का घेत ते?" आत्याने विचारलं.

"मधुमेह त्याला पचत नाही," बाबा पुटपुटले.

आत्याने तिथेच पाणी मागून गोळी घेतली. काकांनी पंप ओढला. मग आत्या वाकली आणि टेबलाचे मोजे काढू लागली.

लाकडाला ताप येत नाही, आपल्याला येतो, आणि त्यावर औषध आपणच घ्यायचं असतं. चमत्कार दिसला की हात जोडा हवं तर, पण मोजून झाल्यावर. आधी बाहेरून, मग आतून.